घरच्या कॉम्प्युटरसाठी डिस्क रायटर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“कोणता रायटर चांगला?” एवढंच विचारणारे खूप जण असतात. त्यावर माझेच दोन प्रश्न असतात: डिस्कवर काय जाणार आहे, आणि ती कशावर वाचली जाणार आहे? एवढं कळलं की निम्मी निवड झालेली असते. उरलेल्या निम्मीसाठी खालचे प्रश्न. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल, तर तो भाग तिथे सविस्तर आहे.

१. पेन ड्राइव्ह आहेत, क्लाउड आहे. आता डिस्क रायटर घेण्यात काही अर्थ आहे का?

बहुतेकांसाठी नाही. फाइली इकडून तिकडे न्यायच्या असतील तर पेन ड्राइव्ह बरा. रायटर लागतो तो तीन कारणांनी. घरात जुन्या डिस्कचा गठ्ठा आहे आणि त्यातले फोटो, गाणी बाहेर काढायची आहेत. किंवा एकदा लिहिली की कुणाला बदलता येणार नाही अशी प्रत हवी आहे. कॉम्प्युटरमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तरी कपाटातल्या डिस्कला ते हात लावू शकत नाही. किंवा समोरचं यंत्रच डिस्क मागतं, जसा गाडीतला सीडी प्लेयर. पहिलं कारण असेल तर तुम्हाला उत्तम लिहिणारा नव्हे, उत्तम वाचणारा ड्राइव्ह हवा आहे. आधी प्रश्न १३ वाचा.

२. सीडी रायटर, डीव्हीडी रायटर, कॉम्बो, ब्लू-रे रायटर: यातलं काय घ्यायचं?

खरा फरक लेझरचा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा लाल, ब्लू-रेसाठी ४०५ चा निळसर जांभळा. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक आणि तितकं जास्त लेखन त्याच १२ सेंटीमीटरच्या चकतीवर मावतं. म्हणून सीडीवर ७०० एमबी, एकथरी डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि एकथरी ब्लू-रेवर २५ जीबी.

नुसता सीडी रायटर आता विसरा. डीव्हीडी रायटर सीडीही लिहितो, आणि बहुतेक घरांना तेवढं पुरतं. ब्लू-रे रायटर तिन्ही प्रकार लिहितो. तो घ्यायचा तो मोठा संग्रह जपायचा असेल तर. २०० जीबी फोटो डीव्हीडीवर टाकायचे म्हणजे चाळिसाहून जास्त डिस्क. ब्लू-रेवर तेच काम आठ-नऊ डिस्कांत होतं.

कॉम्बो या शब्दापाशी मात्र थांबा. जुने कॉम्बो ड्राइव्ह डीव्हीडी फक्त वाचायचे आणि सीडी लिहायचे. पुढे आलेले ब्लू-रे कॉम्बो ब्लू-रे फक्त वाचतात आणि डीव्हीडी लिहितात. खोक्यावर ब्लू-रेची खूण मोठी दिसते म्हणून तो ब्लू-रे लिहील असं नाही. वैशिष्ट्यांच्या यादीत ‘बीडी-आर’ (एकदाच लिहायची ब्लू-रे) आणि ‘बीडी-आरई’ (पुन्हा पुन्हा लिहायची) यांच्यापुढे लिहिण्याचा वेग दिला आहे का, ते पाहा. वेग फक्त ‘बीडी-रॉम’पुढे, म्हणजे छापील ब्लू-रेपुढे, असेल तर तो नुसता वाचणारा आहे.

३. कॅबिनेटच्या आत बसणारा घ्यावा की यूएसबीवर चालणारा?

कॅबिनेटला सव्वापाच इंचांची खाच असेल आणि महिन्यातून चार-पाच डिस्क लिहायच्या असतील, तर आतला. तो दणकट असतो, मोटर मोठी असते, वीज थेट पॉवर सप्लायमधून मिळते, आणि डिस्क मधोमध नीट धरली जाते. साधारणपणे डीव्हीडी १६एक्स किंवा त्याहून जास्त वेगानं लिहितो (‘एक्स’ म्हणजे काय ते प्रश्न ५ मध्ये).

यूएसबीचा सडपातळ ड्राइव्ह म्हणजे मूळचा लॅपटॉपचा ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या डबीत घातलेला. डीव्हीडी ८एक्स, सीडी २४एक्स, इथे त्याची धाव संपते. लॅपटॉपवर, किंवा खाच नसलेल्या नव्या कॅबिनेटवर, दुसरा पर्यायही नाही. वर्षाकाठी दोन-चार डिस्क असतील तर तोच घ्या. काम झालं की खणात जातो आणि धूळ खात नाही.

तिसरा मार्ग फारसा कुणी विचारात घेत नाही: आतला पूर्ण आकाराचा ड्राइव्ह, पण स्वतंत्र वीज असलेल्या बाहेरच्या डबीत. जागा अडते, पण मला हाच सगळ्यात पसंत आहे.

४. कॉम्प्युटर जुना आहे, आत चपटी रुंद केबल दिसते. नवा ड्राइव्ह लागेल का?

ती चपटी केबल आयडीईची. नवे आतले ड्राइव्ह साटाचे असतात. मदरबोर्डवर साटाचं एक मोकळं तोंड आणि पॉवर सप्लायला साटाचा वीजजोड असेल तर काम झालं. नसेल तर अडॅप्टरच्या नादी न लागता यूएसबीचा घ्या.

५. १६एक्स, २४एक्स, ५२एक्स: जास्त आकडा म्हणजे चांगला रायटर ना?

नाही, आणि यात दोन घोळ आहेत.

पहिला असा की प्रत्येक प्रकारच्या डिस्कचा ‘एक्स’ वेगळा. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सुमारे १.३८ एमबी, म्हणजे सीडीच्या नऊपट. ब्लू-रेचा १एक्स ४.५ एमबी. त्यामुळे ५२एक्सचा सीडी ड्राइव्ह आणि ६एक्सचा ब्लू-रे ड्राइव्ह शेजारी ठेवले तर ब्लू-रेच जिंकतो: ७.८ एमबीपुढे २७ एमबी.

दुसरा असा की खोक्यावरचा आकडा हा शिखराचा असतो. लेखन आतल्या कडेपासून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखं बाहेर जातं. वेगवान लेखनात डिस्कचे फेरे बहुधा तेवढेच ठेवलेले असतात. आतल्या कडेला एका फेऱ्यात अंतर कमी, बाहेरच्या कडेला जास्त. म्हणून १६एक्सचं लेखन सुरू होतं साडेसहाच्या आसपास आणि १६ गाठतं ते अगदी शेवटी. पूर्ण भरलेली डीव्हीडी १६एक्सवर पाच-सहा मिनिटांत होते, ८एक्सवर आठ-दहा, ४एक्सवर पंधराएक. २४एक्सनं यातून जेमतेम मिनिटभर वाचतं, आणि त्या मिनिटासाठी ड्राइव्ह विमान उडाल्यासारखा आवाज करतो.

मी १६एक्सच्या डीव्हीडी ८एक्सवर लिहितो. अगदी कमी वेग म्हणजे अगदी चांगलं लेखन, हाही गैरसमजच आहे. १६एक्सच्या डिस्कचा रंगथर जास्त वेगासाठी बनवलेला असतो आणि १ किंवा २एक्सवर तो उलट वाईट लिहिला जाऊ शकतो. मधला वेग घ्या.

६. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांत नक्की फरक काय?

घरगुती वापरात जवळपास काहीच नाही. दोन वेगळ्या उद्योगगटांनी आपापली पद्धत आणली. वजावाली आधी म्हणजे १९९७ मध्ये, अधिकवाली २००२ मध्ये. काही वर्षं लोक चुकीच्या डिस्क घेऊन परत जात राहिले, मग दोन्ही लिहिणारे ड्राइव्ह आले आणि भांडण मिटलं. आज मिळणारा कुठलाही रायटर दोन्ही लिहितो. जुन्या टीव्ही प्लेयरसाठी डिस्क करायची असेल तरच फरक पडतो, तो प्रश्न १० मध्ये आहे.

७. यूएसबी ड्राइव्ह नुसता टिकटिक करतो, किंवा लिहिता लिहिता मध्येच गायब होतो. परत करू का?

आधी वीज तपासा. यूएसबी २ च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी आणि लेझर लिहायला लागतो तेव्हा ड्राइव्ह त्याहून जास्त मागू शकतो. मग टिकटिक, किंवा डिस्क न ओळखणं, किंवा लिहिताना मान टाकणं. वाचताना सगळं ठीक आणि लिहितानाच गडबड, हे तर खास वीज कमी पडल्याचं लक्षण.

हब काढा, लांब केबल काढा, थेट कॉम्प्युटरला जोडा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या नव्हे, मागच्या तोंडाला. दोन यूएसबी टोकांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही टोकं लावा. तरीही टिकटिक चालूच असेल, तर ड्राइव्ह परत करायला हरकत नाही.

८. राइट चालू असताना दुसरं काम केलं तर डिस्क वाया जाते का?

पूर्वी जायची. माउसलाही हात लावू नका म्हणून घरातल्यांना दटावण्याचे ते दिवस. ड्राइव्हला माहिती पोचायला क्षणभर उशीर झाला की लेखन तुटायचं आणि डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची उरायची. २००० साली सान्योनं बर्न-प्रूफ आणलं. लेखन थांबलं तर नेमकं त्याच जागी पुन्हा सुरू करण्याची सोय. पुढे सगळ्यांकडेच ती आली. काम करा, फक्त लॅपटॉप झोपी जाऊ देऊ नका.

९. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलंय आणि माझा फोल्डर ४.५ जीबीचा आहे. तरी मावत नाही म्हणतो!

डिस्कवाले हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं. ४.७ अब्ज बाइट विंडोजच्या हिशेबात ४.३८ जीबी भरतात. दुथरी ८.५ जीबीच्या डिस्कवर ७.९६. मॅकओएस हजारानंच मोजतं, त्यामुळे एकच फोल्डर दोन कॉम्प्युटरवर वेगळ्या आकाराचा दिसू शकतो.

मावतंय तरीही नकार आला, तर आत एखादी ४ जीबीहून मोठी फाइल आहे का पाहा. जुन्या आयएसओ ९६६० रचनेला एवढी मोठी फाइल पेलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये यूडीएफ ही नवी रचना निवडा.

१०. डिस्क माझ्या कॉम्प्युटरवर चालते. गाडीत किंवा टीव्हीच्या प्लेयरवर चालत नाही. रायटर बदलू का?

बदलू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि रायटर बहुतेक वेळा निर्दोष असतो.

कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारतं: यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पहिला पर्याय सोयीचा वाटतो म्हणून लोक तोच घेतात. तशी डिस्क कॉम्प्युटरपुरतीच समजा. दुसरा पर्याय घ्या, आणि शेवटी डिस्क बंद करायला, म्हणजे फायनलाइझ करायला, विसरू नका.

मग पाहा, समोरच्या यंत्राला नक्की काय समजतं. गाडीतला जुना प्लेयर फक्त ऑडिओ सीडी ओळखत असेल, तर एमपीथ्री फाइली टाकलेली डिस्क त्याच्यासाठी कोरीच. सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिओ सीडी’ निवडावं लागतं. तेव्हा गाणी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या मूळ स्वरूपात उतरतात आणि ८० मिनिटांत डिस्क भरते. व्हिडिओचंही तसंच. एमपीफोर फाइल डीव्हीडीवर टाकली म्हणून ती डीव्हीडी-व्हिडिओ होत नाही. त्यासाठी आधी ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर तयार करावा लागतो. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, डिस्क वापरली असेल तर तिथेही उत्तर सापडेल. छापील सीडी निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आरडब्ल्यू १५ ते २५ टक्केच. जुन्या प्लेयरला एवढ्या अंधुक प्रकाशात दिसत नाही.

एवढं करूनही चालली नाही तर डीव्हीडी-आर वापरून बघा. किंवा डीव्हीडी+आर घेऊन ‘बुक टाइप’ डीव्हीडी-रॉम असा करा. डिस्कच्या सुरुवातीला आपली जात सांगणारी एक नोंद असते. ती ‘मी छापील डिस्क’ अशी केली की काही हटवादी प्लेयर गुपचूप वाचू लागतात. ही सोय सगळ्या ड्राइव्हमध्ये नसते. जुन्या प्लेयरसाठीच डिस्क करणार असाल तर रायटर घेताना ती आहे का, हे बघणं मोलाचं.

११. ब्लू-रे रायटर घेतला की ब्लू-रे पिक्चर कॉम्प्युटरवर लागतील ना?

आपोआप नाही. फाइली लिहिणं-वाचणं वेगळं आणि कुलूपबंद पिक्चर लावणं वेगळं. विंडोजमध्ये ब्लू-रे पिक्चर लावायची सोय नाही, आणि विंडोज ८ पासून तर डीव्हीडी पिक्चरचीही काढून टाकली. डीव्हीडीसाठी व्हीएलसी पुरतं. ब्लू-रेसाठी परवान्याचं विकतचं सॉफ्टवेअर लागतं, आणि स्क्रीनपर्यंतची जोडणी एचडीसीपी ही नक्कलबंदीची पद्धत मानणारी असावी लागते.

फोर-के ब्लू-रेची कथा आणखी अवघड. अधिकृत मार्गानं ती लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागत होती, आणि इंटेलनं ११व्या-१२व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून ती काढून टाकली. नवा कोरा, ताकदवान कॉम्प्युटर आहे म्हणूनच पिक्चर लागत नाही, असा हा उफराटा न्याय. पिक्चरच पाहायचे असतील तर टीव्हीला जोडायचा प्लेयर घ्या.

१२. लिहिलेली डिस्क किती वर्षं टिकते? एम-डिस्कसाठी वेगळा रायटर लागतो का?

साध्या सीडी-आर, डीव्हीडी-आरमध्ये लेखन सेंद्रिय रंगाच्या थरात असतं. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो रंग विटतो. चांगल्या डिस्क नीट ठेवल्या तर वीस वर्षांनीही वाचता येतात. वाईट डिस्क दोन-तीन वर्षांत दगा देतात. माझ्याकडे एकाच दिवशी, एकाच ड्राइव्हनं लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क होत्या. एक आजही ठणठणीत आहे, दुसरीवरचे फोटो अर्धे राखाडी झालेत. त्या दिवसापासून रायटरपेक्षा डिस्कवर जास्त पैसे घालतो.

एम-डिस्कमध्ये रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो. हजार वर्षांचा दावा बनवणाऱ्यांचा आहे आणि तो तपासायला आपण कुणी असणार नाही, पण थर जास्त चिवट आहे हे खरं. डीव्हीडी एम-डिस्क लिहायला जास्त जोराचा लेझर लागतो, म्हणून ड्राइव्हवर तशी खूण हवी. एकदा लिहिली की कुठलाही डीव्हीडी ड्राइव्ह ती वाचतो. ब्लू-रे एम-डिस्कला असा खास ड्राइव्ह लागत नाही. साधी बीडी-आरही मुळात असेंद्रिय थराची असते. पाकिटावर ‘एलटीएच’ असेल तर मात्र ती सेंद्रिय रंगाची, जपणुकीसाठी टाळा.

एक नाजूक जागा बहुतेकांना माहीत नसते. सीडीचा लेखनथर चमकत्या बाजूला नसतो, तो नावाच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. टोकदार बॉलपेननं नाव लिहिलंत तर थेट लेखनावर ओरखडा. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. ब्लू-रेत खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत. म्हणून सीडी वरून जपा, ब्लू-रे खालून. चिकट लेबल कुठल्याच डिस्कवर नको.

१३. जुन्या डिस्क वाचल्या जात नाहीत. नवा ड्राइव्ह घेऊन फरक पडेल का?

पडू शकतो, आणि पुष्कळदा पडतो. चुका दुरुस्त करण्याची आणि अंधुक डिस्कवर लक्ष केंद्रित करण्याची क्षमता प्रत्येक ड्राइव्हची निराळी. एका ड्राइव्हनं नाकारलेली डिस्क दुसरा खळखळ न करता वाचतो. ज्या ड्राइव्हनं ती लिहिली होती तो शिल्लक असेल तर आधी त्यालाच विचारा. नसेल तर वेगवेगळ्या बनावटीचे दोन ड्राइव्ह जवळ असणं हे एका महागड्या ड्राइव्हपेक्षा कामाचं.

डिस्क आतून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा लेखनाच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग मजकूर खातो. वाचण्याचा वेग कमी करा. गाण्यांच्या सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा. शंका आली तिथे ते पुन्हा पुन्हा वाचतं.

१४. महागड्या रायटरनं लिहिलेल्या सीडीवर गाणी जास्त गोड वाजतात का?

नाही. मजकूर बरोबर वाचला गेला की गाणं तेच.

१५. दुथरी डिस्क, बीडीएक्सएल: हे सगळं रायटरला जमतंच का?

दुथरी डीव्हीडी आजच्या सगळ्या रायटरना जमते, पण मी ती टाळतो. फुकट जाण्याचं प्रमाण माझ्या हाती तरी जास्त, आणि दोन साध्या डिस्क सहसा स्वस्त पडतात. दुथरी ब्लू-रे, ५० जीबीची, भरवशाची आहे. १०० आणि १२८ जीबीच्या बीडीएक्सएलसाठी ड्राइव्हवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण ही पद्धत २०१० ची आहे. त्याआधीच्या ब्लू-रे ड्राइव्हला ती डिस्क वाचताही येत नाही.

१६. कोणतं सॉफ्टवेअर लागेल?

विकतचं काहीही नाही. विंडोज ७ पासून आयएसओ फाइल उजव्या क्लिकवर लिहिता येते. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची, तरी आजही मी तेच वापरतो. लिनक्सवर केथ्रीबी किंवा ब्रासेरो. मॅकवर फाइंडर पुरे. कुठलंही घ्या, ‘व्हेरिफाय’वर, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून पाहण्याच्या पर्यायावर, खूण करा. वेळ दुप्पट लागतो, पण डिस्क वाया गेली हे आजच कळतं.

१७. दर तिसरी डिस्क वाया जाते. दोष ड्राइव्हचा की डिस्कचा?

दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणून पाहा. त्या नीट लिहिल्या गेल्या तर आधीचा गठ्ठा वाईट होता. पाकिटावरचं नाव फार सांगत नाही. डिस्क खरी कुणी बनवली ते तिच्या मीडिया कोडमध्ये असतं, आणि इमगबर्न तो दाखवतं. ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तेही नवं करा. कोणत्या कोडच्या डिस्कवर लेझर किती जोरानं चालवायचा याची यादी त्यातच असते, आणि यादीत नसलेली डिस्क ड्राइव्ह अंदाजपंचे लिहितो.

सीडी छान आणि डीव्हीडी मात्र सगळ्या फुकट, असं असेल तर लाल लेझर थकला आहे. लेझर वेगवेगळे असल्यानं असं अर्धं मरण येतं. भिंग पुसायची ब्रशवाली डिस्क धूळ काढते, थकलेला लेझर तरुण करत नाही.

१८. जुना, वापरलेला रायटर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

वाचायला घ्या, लिहायला विचार करून घ्या. लेझर झिजतो तो मुख्यतः लिहिताना, आणि तो किती तास चालला हे बाहेरून दिसत नाही. शक्य असेल तर समोर एक पूर्ण डीव्हीडी लिहून व्हेरिफाय करायला लावा. शेवटच्या दहा टक्क्यांत, बाहेरच्या कडेला, म्हातारा ड्राइव्ह ओळखू येतो. लाइटस्क्राइबची खूण पाहून जास्त पैसे देऊ नका. डिस्कच्या वरच्या बाजूवर लेझरनं चित्र काढायची ती गंमत होती. तिच्या खास डिस्क आता मिळणं मुश्कील.

वापरलेल्या ड्राइव्हची आणखी एक गोम: पिक्चरच्या डीव्हीडीचा रीजन कोड, म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या डिस्क लागतील ते ठरवणारा आकडा. तो एकूण पाचदाच बदलता येतो, आणि मोजणी ड्राइव्हच्याच आत असते. विंडोज पुन्हा टाकून ती मिटत नाही. आधीच्या मालकानं पाचही वेळा वापरल्या असतील, तर ड्राइव्ह शेवटी निवडलेल्या रीजनलाच चिकटलेला राहील. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत ‘डीव्हीडी रीजन’ या पानावर किती वेळा उरल्या ते दिसतं.

१९. कोऱ्या डिस्क पुढे मिळतील का? की रायटर घेऊन ठेवला आणि डिस्कच नाहीत, असं होईल?

निवड आक्रसते आहे. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. इतर बनवणारे आहेत, पण तीच डिस्क कायम मिळेल असं धरून चालू नका. आपल्या ड्राइव्हशी जमलेली डिस्क सापडली की दोन-तीन वर्षांपुरती घेऊन अंधाऱ्या, कोरड्या खणात उभी ठेवा. त्याहून जास्त साठा नको, कोऱ्या डिस्कचा रंगही म्हातारा होतो.